लेक्सस एलएफए : वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि न मिटणारे वाद

एलएफएचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात आणि तीच तीच भांडणं होतात. एक गट म्हणतो, टोयोटाच्या गाडीला कोणी फेरारीचा भाव देतं का, दुसरा म्हणतो जपानने आजवर बनवलेली ही सगळ्यात भारी गाडी. मी दुसऱ्या गटातला, हे आधीच सांगून टाकतो. पण पहिल्या गटाचे दोन-तीन मुद्दे रास्त आहेत आणि ते पण खाली लिहिलेत.

ही गाडी नेमकी काय आहे? एकदा बेसिक सांगा.

लेक्सस म्हणजे टोयोटाचा लक्झरी ब्रँड. एलएफए ही त्यांची दोन सीटची सुपरकार, इंजिन पुढे, पॉवर मागच्या चाकांना. ऑक्टोबर २००९ मध्ये टोकियो मोटर शोमध्ये प्रॉडक्शन मॉडेल दाखवलं, डिसेंबर २०१० ला बनवायला सुरुवात आणि डिसेंबर २०१२ ला शेवटची गाडी बाहेर पडली. एकूण ५००, बस. ४.८ लिटरचं व्ही-१० (दहा सिलिंडरचं) इंजिन, टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, हायब्रिड तर नाहीच. ५६० पीएस पॉवर (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), ४८० न्यूटन मीटर टॉर्क, रेडलाइन, म्हणजे इंजिन फिरायची वरची मर्यादा, ९,००० आरपीएम (मिनिटाला फेरे). शून्य ते शंभर ३.७ सेकंद, टॉप स्पीड ताशी ३२५ किलोमीटर. वजन १,४८० किलोच्या आसपास.

५००च का बनवल्या? मुद्दाम टंचाई केली का?

थोडं ते असेलही, लिमिटेड एडिशन म्हटलं की आकडा ठरवतातच. पण ही गाडी बनायची कशी ते बघितलं की वेगळं वाटतं. टोयोटा सिटीतल्या मोटोमाची प्लांटमध्ये एलएफएसाठी वेगळी जागा होती, दीड-पावणेदोनशे माणसं, आणि महिन्याला वीस गाड्या, म्हणजे कामाच्या एका दिवसाला साधारण एक. टोयोटा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मिनिटाला एक गाडी सोडणारी लाइन येते, इथं तसलं काहीच नाही. प्रत्येक इंजिन एकच माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने जुळवायचा आणि त्याच्या सहीची पट्टी त्या इंजिनवर लागायची. आता या वेगाने पाच हजार गाड्या काढायच्या म्हटल्या तर वीस वर्षं लागली असती.

पण एवढी महाग का? अमेरिकेत ३,७५,००० डॉलर, जपानात ३ कोटी ७५ लाख येन. लेक्ससला??

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. ३,७५,००० डॉलर म्हणजे तेव्हाच्या डॉलरच्या भावाने एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास, ड्युटी वगैरे सोडून.

गाडीचं काम २००० साली सुरू झालं, हारुहिको तानाहाशी हे चीफ इंजिनिअर. पहिली कन्सेप्ट २००५ ला डेट्रॉइटला दाखवली, दुसरी २००७ ला. सुरुवातीला बॉडी अ‍ॅल्युमिनियमची ठरलेली होती आणि प्रोटोटाइप पळत पण होते. मग मधेच निर्णय झाला की नको, कार्बन फायबर करू, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा शंभरेक किलो वजन वाचतंय. कुठल्याही कंपनीत अर्ध्या वाटेवर असलं सांगितलं असतं तर साहेबांनी फाइल बंद केली असती, कारण सगळं चॅसिस पहिल्यापासून. इथं केलं. आणि कार्बन बाहेरून आणून बसवला नाही, स्वतः शिकून स्वतः बनवला. फायनल बॉडीत साधारण ६५ टक्के कार्बन फायबरचं मटेरियल आणि ३५ टक्के अ‍ॅल्युमिनियम.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो गोल माग. समोरच्या काचेच्या बाजूचा खांब असतो ना, तो वर जाऊन छताच्या कडेला मिळतो, तो भाग त्यांनी विणून काढला. एक मोठं गोल कडं, त्यावर चहूबाजूंनी कार्बनच्या धाग्याची रिळं, मधून साचा हळूहळू पुढे सरकतो आणि सगळीकडून धागे येऊन त्याच्यावर तिरके-तारके विणले जातात, थरावर थर. इचलकरंजीला यंत्रमाग बघितला असेल तर उभे-आडवे धागे आणि सपाट कापड डोळ्यासमोर येईल, इथं कापड नळीसारखं येतं आणि त्या नळीला गाडीच्या खांबाचा वाक असतो. टोयोटा घराण्याची सुरुवातच मुळात मागापासून झालीये, साकिची टोयोडांनी ऑटोमॅटिक माग बनवले आणि त्या कंपनीतून पुढे मोटारी आल्या. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी त्यांच्या सगळ्यात महागड्या गाडीचा खांब परत मागावर विणला गेला. हे मला कुठल्याही हॉर्सपॉवरच्या आकड्यापेक्षा भारी वाटतं.

तर पैसे या सगळ्याचे होते. बिल्ल्याचे नव्हते.

आवाजाचं एवढं कौतुक का करतात? स्पीकरमधून येतो का तो?

नाही! हा गैरसमज आधी काढून टाका. स्पीकर नाही, रेकॉर्डिंग नाही.

इंजिन यामाहाबरोबर बनवलं. टोयोटा-यामाहा ही जोडी जुनी, १९६७ च्या टोयोटा २००० जीटीचं काम पण दोघांनी मिळून केलं होतं (त्या ३५१ बनल्या, त्याचे वाद वेगळे). पण एलएफएच्या वेळी यामाहाच्या मोटार कंपनीबरोबर त्यांचे वाद्यांच्या आवाजावर काम करणारे लोक पण बसले, जे पियानो वगैरेचा अभ्यास करतात ते. इंजिनच्या वर हवा साठवणारी टाकी असते, सर्ज टँक म्हणतात, तिचा आकार आणि तिच्यावरच्या रिब असे केले की ती वाद्याच्या लाकडी पोटासारखी घुमावी, आणि तिथून आवाज नळीने डॅशबोर्डमार्गे केबिनमध्ये आणला. मागे टायटॅनियमचा सायलेन्सर आणि त्रिकोणात रचलेले तीन एक्झॉस्ट.

आता थोडं गणित, कारण यात खरी मजा आहे. फोर स्ट्रोक व्ही-१० मध्ये इंजिनच्या एका फेऱ्यात पाच स्फोट होतात. ९,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेरे, गुणिले पाच, ७५० हर्ट्झ. २००५ पर्यंतचं फॉर्म्युला वनचं व्ही-१० इंजिन १८,००० ला फिरत असेल तर १,५०० हर्ट्झ. बरोबर दुप्पट. म्हणजे एलएफए रेडलाइनला तोच सूर लावते, एक सप्तक खाली. कान उगाच म्हणत नाहीत की ही एफ-वनसारखी वाजते. टोयोटा स्वतः २००२ ते २००९ फॉर्म्युला वनमध्ये होती, तिथं २००५ पर्यंत व्ही-१०च होती, त्यामुळे हा सूर त्यांच्या चांगला ओळखीचा होता.

एक विनंती, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, बरे हेडफोन लावा, आणि कमी आरपीएमपासून ऐका. खाली आवाज जरा जाड असतो, ४,००० च्या पुढे मोकळा व्हायला लागतो आणि वर जाऊन एकदम स्वच्छ होतो.

मीटरचा काटा डिजिटल केला तो शो म्हणून ना?

नाही. इंजिन आयडलपासून ९,००० ला ०.६ सेकंदात जातं. क्रँक, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, सगळं हलकं ठेवलेलं, रॉड आणि व्हॉल्व्ह टायटॅनियमचे, आणि दहा सिलिंडरना दहा वेगळे थ्रॉटल, त्यामुळे पाय दाबला की लगेच. खरा यांत्रिक काटा एवढ्या वेगात इंजिनबरोबर धावू शकत नव्हता म्हणून स्क्रीन लावली. आज प्रत्येक गाडीत स्क्रीन आहे म्हणून आपल्याला काही वाटत नाही, पण २००९ ला ती गरजेतून आली होती. मीटरच्या भोवतीचं धातूचं कडं मोटरवर बाजूला सरकतं, स्क्रीनमधला डायल पण सरकतो आणि शेजारी माहिती उघडते. मी त्या सरकण्याचे व्हिडिओ किती वेळा बघितलेत ते सांगत नाही.

गिअरबॉक्स बेकार आहे हे खरं का?

बेकार नाही. पण हाच या गाडीचा सगळ्यात दुबळा भाग आहे आणि चाहत्यांनी ते मान्य करायला पाहिजे. सहा गिअर, सिंगल क्लच, ऑटोमेटेड, पॅडलवर. सगळ्यात फास्ट सेटिंगला गिअर पडायला ०.२ सेकंद. त्याच काळात फेरारी ४५८ ड्युअल क्लच (दोन क्लच, पुढचा गिअर आधीच तयार) घेऊन आली, निसान जीटी-आरमध्ये तर २००७ पासून होता, आणि त्यांचे गिअर कधी बदलले ते कळायचं पण नाही. एलएफएत कळतं, हळू चालवताना तर डोकं पुढे-मागे हलतं.

कंपनीची बाजू अशी की सिंगल क्लच हलका असतो आणि गिअर पडल्याचा ठोसा ड्रायव्हरला जाणवला पाहिजे. वजनाचा मुद्दा मला पटतो, कारण गिअरबॉक्स मागच्या एक्सलवर आहे, रेडिएटर पण मागे नेलेत, आणि त्यातून पुढे ४८, मागे ५२ टक्के असं वजन जमवलंय. ठोशाचा मुद्दा ट्रॅकवर ठीक आहे. ट्रॅफिकमध्ये नाही. साधा मॅन्युअल दिला असता तर आज ही चर्चाच झाली नसती असं माझं ठाम मत आहे.

निसान जीटी-आर पाचव्या भागाच्या किमतीत तेवढीच फास्ट होती. मग?

होती. वाद घालायचं कारणच नाही. अमेरिकेत जीटी-आर २००८ ला सत्तर हजार डॉलरच्या आसपास सुरू झाली, ट्विन टर्बो व्ही-६, चारही चाकांना पॉवर, आणि सरळ रेषेत ती कोणालाही घाम फोडायची. २०१३ ला जीटी-आर निस्मोने (तिचं जास्त फास्ट मॉडेल) न्युर्बुर्गरिंगवर, म्हणजे जर्मनीतल्या प्रसिद्ध रेस ट्रॅकवर, एका फेरीला ७ मिनिटं ८.६७९ सेकंद लावले. एलएफएच्या न्युर्बुर्गरिंग पॅकेजने (खाली सांगतो) २०११ ला रेसर अकिरा ईदाच्या हातात ७:१४.६४ लावले होते. म्हणजे वेगामागे पैसे मोजायचे तर जीटी-आर जिंकली, तिथंच विषय संपतो.

पण जीटी-आर बनवताना प्रश्न होता, एवढ्या पैशात किती वेग देता येईल. एलएफए बनवताना प्रश्न होता की आपल्याला काय काय जमतं ते एकदा बघू, आणि पैशाचं नंतर. दोन्ही प्रश्न मला मान्य आहेत, पण एकाच्या मार्कांनी दुसऱ्याचा पेपर तपासायचा हा प्रकार थांबवा. आणि हो, जीटी-आर भारतात २०१६ ला अधिकृत आली १ कोटी ९९ लाखाला, त्यामुळे आपल्याकडे ती काही लोकांनी रस्त्यावर बघितलीये, एलएफए फक्त स्क्रीनवर, वाद एकतर्फी होतो तो त्यामुळे पण.

न्युर्बुर्गरिंग पॅकेज म्हणजे काय वेगळं?

५०० मधल्याच काही गाड्या. मागे फिक्स कार्बन विंग (साध्या एलएफएची विंग ८० च्या वर स्पीड गेला की आपोआप वर येते), पुढे मोठा स्प्लिटर, १० मिलिमीटर खाली बसलेली, १० पीएस जास्त, गिअर ०.१५ सेकंदात. किंमत ४,४५,००० डॉलर. फोटोत ओळखायची तर मागची विंग बघा.

हिरोमु नारुसे कोण? त्यांचं नाव का घेतात सगळे?

टोयोटाचे मास्टर टेस्ट ड्रायव्हर. १९६३ ला कंपनीत लागले, आणि अकिओ टोयोडांना ड्रायव्हिंग शिकवलं ते यांनीच. मालकाच्या घरातल्या माणसाला, गाडी कशी चालते हे माहीत नसताना गाड्यांबद्दल बोलू नका असं तोंडावर सुनावणारा माणूस. एलएफए घडवण्यात त्यांचा हात सगळीकडे आहे, न्युर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या रेसमध्ये प्रोटोटाइप उतरवायचा हट्ट पण त्यांच्या टीमचाच, २००९ ला तिथं स्वतः अकिओ टोयोडा ‘मोरिझो’ या नावाने चालवायला होते. २०१०, २०१२ आणि २०१४ ला एलएफए तिथं तिच्या क्लासमध्ये पहिली आली.

२३ जून २०१० ला न्युर्बुर्गरिंगजवळच्या सार्वजनिक रस्त्यावर एलएफएच्या न्युर्बुर्गरिंग पॅकेजचा प्रोटोटाइप चालवत असताना समोरासमोर टक्कर झाली आणि नारुसे गेले. ६७ वर्षांचे होते. विक्रीची पहिली गाडी बनायला तेव्हा सहा महिने बाकी होते. वाद घाला, पण ‘टोयोटाने नुसता दिखावा केला’ असं लिहायच्या आधी हे माहीत असू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

एवढी भारी होती तर तेव्हा पटापट विकली का नाही गेली?

टाइमिंग. २००८ चं आर्थिक संकट नुकतंच येऊन गेलेलं, मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात टोयोटाला सत्तर वर्षांत पहिल्यांदा ऑपरेटिंग लॉस झालेला, आणि नोव्हेंबर २००९ ला, म्हणजे एलएफए दाखवल्यावर लगेच, फॉर्म्युला वनमधून माघार. अशा वेळी पावणेचार लाख डॉलरची लेक्सस. त्यात ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना घोडा (फेरारी) नाहीतर बैल (लॅम्बोर्गिनी) हवा होता, लेक्ससचं ‘एल’ नको होतं.

शिवाय अमेरिकेत सुरुवातीला गाडी थेट विकतच नव्हते, दोन वर्षांच्या लीजवर द्यायचे, म्हणजे कोणी घेऊन दुसऱ्या दिवशी दुप्पट भावाने फुंकू नये. हेतू चांगला होता पण काही खरे गिऱ्हाईक पण त्याने बिचकले असतील. २०१७ सालीसुद्धा अमेरिकेत काही डीलरांकडे न विकलेल्या कोऱ्या एलएफए होत्या. पाच वर्षं शोरूममध्ये उभ्या!

आणि आता?

आता न्युर्बुर्गरिंग पॅकेजवाल्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर जातात, साध्या पण मूळ किमतीच्या कितीतरी पुढे. टर्बो नसलेलं, एवढं वर फिरणारं व्ही-१० इंजिन आता कोणी नव्याने बनवत बसणार नाही, प्रदूषणाचे नियमच तसे झालेत, म्हणून भाव.

मला यात आनंद अर्धाच आहे. गाडीला मान मिळाला हे चांगलं झालं. पण भाव वाढला की गाड्या गॅरेजमध्ये कव्हरखाली जातात, किलोमीटर वाढू नयेत म्हणून कोणी चालवत नाही, आणि जी गाडी ९,००० ला गायला बनवली ती महिनोन्महिने सुरूच होत नाही. एलएफए असेल तर चालवा. दगड उडेल, पेंट जाईल, जाऊ दे.

टोयोटाला तोटा झाला ना शेवटी?

हिशोब करा. ५०० गुणिले ३,७५,००० म्हणजे १८ कोटी ७५ लाख डॉलर, पॅकेजवाल्यांचे थोडे वरचे धरा. ही सगळी विक्री, नफा नाही. यात जवळजवळ दहा वर्षांचं काम, अर्ध्यातून बदललेली बॉडी, नवीन इंजिन, स्वतःचे माग, रेसिंग, सगळं बसवायचं. बसत नाही. नफ्यासाठी कोणी असं काम करत नाही, आणि ‘तोट्यातली गाडी म्हणजे फेल’ हा मुद्दा त्यामुळे मला कधीच पटला नाही. शिकलेली माणसं कंपनीत राहिली, ते कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

अ‍ॅव्हरेज किती देते?

अमेरिकेच्या सरकारी आकड्यांनुसार लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास. टाकी ७३ लिटरची.

भारतात आणता येईल का? पासिंग होईल का?

शोरूममधून घ्यायचा मार्ग कधीच नव्हता, लेक्सस भारतात आली मार्च २०१७ मध्ये, तोपर्यंत एलएफए बंद होऊन चार वर्षं उलटून गेलेली. सेकंड हँड आणायची तर आपला आयात नियम सांगतो की गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि उतरवायची मुंबई बंदरातच. शेवटची एलएफए २०१२ ची, म्हणजे २०१५ संपलं तेव्हाच हे दार बंद झालं. ‘माझ्या ओळखीचा एजंट करून देतो’ असं कोणी सांगत असेल तर टोकन देऊ नका. बघायचीच असेल तर जपानला किंवा दुबई, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना तिथल्या कार मीटवर नजर ठेवायला सांगा.

नवीन एलएफए येतेय म्हणे, तीही इलेक्ट्रिक?

डिसेंबर २०२५ ला टोयोटाने तीन गाड्या एकत्र दाखवल्या. जीआर जीटी, तिची रेस कार जीआर जीटी३, आणि लेक्सस एलएफए कन्सेप्ट. जीआर जीटीत ४ लिटर ट्विन टर्बो व्ही-८ आणि हायब्रिड, एलएफए कन्सेप्ट मात्र पूर्ण बॅटरीवर. तेव्हापासून ‘हे नाव बॅटरीच्या गाडीला द्यायचंच नव्हतं’ वरून रोज युद्ध चालू आहे.

कंपनीने यावेळी दाखला दिला तो जपानमधल्या इसे देवस्थानाचा. तिथं दर वीस वर्षांनी शेजारी तसंच नवीन मंदिर बांधतात आणि जुनं उतरवतात, म्हणजे जुन्या सुतारांच्या हातातलं कसब पुढच्या पिढीच्या हातात जातं. टोयोटाचं म्हणणं, २००० जीटी, मग एलएफए, आणि आता या गाड्या, हे तसंच चालू आहे.

मला हे पटतं, अर्ध्या मनाने नाही, पूर्ण पटतं. त्या खांबाचा धागा, तो सर्ज टँक, ते हाताने जुळवलेलं इंजिन हे ज्यांनी केलं त्यांनी पुढच्या पोरांना शिकवलं असेल तर गाडी बॅटरीवर असो नाहीतर पेट्रोलवर, नाव लावायचा हक्क त्यांना आहे. पण मग त्या नव्या गाडीत पण असं काहीतरी पाहिजे जे आधी कोणाला जमलं नव्हतं. नुसता सव्वादोन सेकंदांचा शून्य-ते-शंभर नको, तो आता चायनीज सेडान पण देतात. ते काय असेल हे प्रॉडक्शन गाडी आल्यावर बघू, तोपर्यंत कन्सेप्टचे फोटो टाकून कोणी शिव्या देऊ नका आणि कोणी आरती पण ओवाळू नका.